कॉन्फिगरने न ओळखलेला पर्याय: वॉर्निंगवर सोडायचा की बिल्ड थांबवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमची टीम शे-दीडशे ओपन सोर्स पॅकेजेस सोर्सवरून स्वतः बांधते. बांधण्याआधी पॅकेजची 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट मशीनवर काय आहे ते बघते आणि कोणतं फीचर चालू, कोणतं बंद याचे पर्याय घेते. लॉगमध्ये अधूनमधून 'अनरेकग्नाइज्ड ऑप्शन्स' अशी वॉर्निंग दिसते, पण बिल्ड पुढे जातो आणि पास होतो. एका सहकाऱ्याने सगळ्या पॅकेजेसच्या सामायिक बिल्ड स्क्रिप्टमध्ये '--एनेबल-ऑप्शन-चेकिंग=फेटल' घातलं. त्या रात्री कितीतरी पॅकेजेस फेल झाली आणि सकाळी तो बदल मागे घ्यावा लागला. आता तुम्ही विचारताय, एवढी कडक तपासणी खरंच हवी का, आणि हवी असेल तर ती लावायची कुठे.

हवी. पॅकेजरने, म्हणजे पॅकेजची बांधणी लिहिणाऱ्याने, एखादा पर्याय लिहिला म्हणजे त्याला काहीतरी हवंय किंवा काहीतरी नकोय. ते करता येत नसेल तर बिल्डने थांबून तसं सांगितलं पाहिजे. तुमच्या सहकाऱ्याचा हेतू अगदी बरोबर होता, जागा चुकली. शिवाय अनोळखी नाव हा या दुखण्याचा फक्त वर दिसणारा भाग आहे. नाव ओळखीचं, वॉर्निंग नाही, तरीही भलतंच बांधलं गेलं, हे जास्त महागात पडतं. म्हणून थोडं मुळापासून सांगतो.

कॉन्फिगर स्क्रिप्ट इतकी सोशिक का, याला कारण आहे. कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करून देणारं ऑटोकॉन्फ 1991 साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी सुरू केलं. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मंडळींना अनेक पॅकेजेस एकाच झाडात ठेवून, वरून एकदाच पर्याय देऊन बांधता यायला हवी होती. कंपायलर, असेंब्लर, डीबगर शेजारीशेजारी. ज्याला जो पर्याय लागू त्याने तो घ्यावा, बाकीच्यांनी सोडून द्यावा. म्हणून जीएनयूच्या कोडिंग नियमांतच असं आहे की 'एनेबल' आणि 'विथ' ने सुरू होणारे पर्याय, त्या पॅकेजला त्यांचा काही अर्थ नसला तरी, कॉन्फिगरने स्वीकारावेत. 2008 साली आलेल्या ऑटोकॉन्फ 2.62 पर्यंत तर वॉर्निंगसुद्धा येत नव्हती. आज तुम्हाला दिसते ती वॉर्निंग आणि तो 'फेटल' स्विच, दोन्ही त्या आवृत्तीतले.

यातून एक विचित्र विषमता आली आहे. 'डिसेबल' हा शब्दच लिहिताना चुकला, त्यातला 'एस' गळला, तर कॉन्फिगर एरर देऊन तिथेच थांबतं. पण 'डिसेबल' बरोबर लिहिलं आणि त्यापुढचं फीचरचं नाव चुकलं तर फक्त वॉर्निंग. म्हणजे सहसा न होणारी चूक पकडली जाते आणि रोज होणारी सुटते. ती वॉर्निंग सुरुवातीला एकदा आणि कॉन्फिगर संपताना पुन्हा एकदा छापली जाते, आणि तिच्यामागून प्रत्यक्ष बांधणी करणाऱ्या 'मेक' च्या हजारो ओळी येतात. पास झालेल्या बिल्डचा लॉग कोणी उघडत नाही.

तीन ठिकाणी तर तीही येत नाही. पॅकेजची कॉन्फिगर स्क्रिप्ट 2.62 च्या आधीच्या ऑटोकॉन्फने तयार केलेली असेल तर ती गप्प राहते. इतकंच नाही, तुमच्या सहकाऱ्याने घातलेला 'फेटल' स्विचही 'एनेबल' ने सुरू होतो, त्यामुळे जुनी स्क्रिप्ट तोही अनोळखी पर्याय म्हणून मुकाट गिळते. कडक तपासणी मागणारा पर्यायच सोडून दिला जातो आणि तुम्हाला वाटतं तपासणी झाली. दुसरी जागा म्हणजे पोटात उप-पॅकेजेस असलेली पॅकेजेस. स्क्रिप्टमध्ये 'एसी_कॉन्फिग_सबडिर्स' वापरलेलं असलं की ऑटोकॉन्फ ही तपासणी आपोआप बंद ठेवतं, कारण तो पर्याय आतल्या एखाद्या उप-पॅकेजसाठी असू शकतो. तिसरी जागा डेबियन हे लिनक्स वितरण. तिथे 'डीएच_ऑटो_कॉन्फिगर' हे साधन प्रत्येक ऑटोकॉन्फ पॅकेजला स्वतःहून '--डिसेबल-ऑप्शन-चेकिंग' देतं. डेबियन किंवा उबुंटूच्या पद्धतीने पॅकेज बांधणाऱ्याला म्हणूनच वाटत राहतं की आपले सगळे पर्याय बरोबर आहेत.

डेबियनवाल्यांनी असं का केलं हे समजून घेतलं की तुमच्या सहकाऱ्याचं काय चुकलं तेही कळतं. ते साधन प्रत्येक पॅकेजला एक ठरलेला संच देतं: सायलेंट रूल्स बंद, डिपेंडन्सी ट्रॅकिंग बंद, मेंटेनर मोड बंद. यातले बरेचसे पर्याय ऑटोमेक (मेकच्या फाइली तयार करणारं, ऑटोकॉन्फच्या जोडीचं साधन) वापरणाऱ्या पॅकेजलाच कळतात. ऑटोमेक न वापरणारं पॅकेज त्यांना अनोळखी म्हणणारच. दर बिल्डमध्ये अशा खोट्या वॉर्निंग आल्या असत्या, म्हणून त्यांनी वॉर्निंगच बंद केली. तुमच्या स्क्रिप्टमध्येही नेमकं हेच झालं असणार. फेल झालेल्या पॅकेजेसचे लॉग काढून बघा; बहुतेक ठिकाणी तक्रार पॅकेजरने लिहिलेल्या पर्यायाबद्दल नसेल, सामायिक स्क्रिप्टने सगळ्यांना वाटलेल्या पर्यायाबद्दल असेल.

पर्यायांचे मालक दोन असतात, हे इथे ओळखायला हवं. काही पर्याय सामायिक स्क्रिप्ट सगळ्यांना वाटते. ते 'लागू असेल तर घ्या' अशा स्वरूपाचे असतात, त्यांच्याबाबत सैल राहणं योग्यच. बाकीचे पर्याय पॅकेजरने त्या एका पॅकेजसाठी विचार करून लिहिलेले असतात. त्यातला एकही वाया जाता कामा नये. 'फेटल' स्विचला हा भेद कळत नाही.

दुसऱ्या प्रकारातला पर्याय वाया गेल्यावर काय होतं याचं ठळक उदाहरण म्हणजे पीएचपी 7.4. ही आवृत्ती 28 नोव्हेंबर 2019 ला आली. तिच्यात जीडी या चित्रांच्या एक्स्टेंशनचे पर्याय बदलले. '--विथ-फ्रीटाइप-डिर' चं '--विथ-फ्रीटाइप' झालं, '--विथ-जेपेग-डिर' चं '--विथ-जेपेग' झालं, '--विथ-पीएनजी-डिर' काढूनच टाकला. कारण रास्त होतं: लायब्ररी कुठे आहे हे हाताने सांगण्याऐवजी ते पीकेजी-कॉन्फिग या लायब्ररींची माहिती देणाऱ्या साधनाला विचारायचं होतं. आवृत्तीसोबतच्या 'अपग्रेडिंग' फाइलमध्ये हे सगळं नोंदवलेलंही होतं. पण असंख्य डॉकरफाइल्समध्ये, म्हणजे कंटेनरची इमेज बांधायच्या फाइलींमध्ये, जुनी ओळ तशीच राहिली. लोकांनी वरचा आकडा 7.3 चा 7.4 केला, इमेज बांधली, बिल्ड पास झाला. जीडी लोड होतो, पीएनजी उघडते, सगळं ठीक दिसतं. मग कोणीतरी जेपेग फोटो अपलोड करतं आणि 'कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन इमेजक्रिएटफ्रॉमजेपेग' अशी एरर थेट प्रॉडक्शनमध्ये येते. एरर आली पीएचपीच्या कोडमधून, चूक होती बांधणीत, आणि मधे किती दिवस गेले याचा काही हिशोब नाही. बिल्डच्या लॉगमध्ये मात्र पहिल्या दिवसापासून दोन्ही जुन्या पर्यायांची नावं छापलेली होती.

तुमचा सहकारी मागे हटला म्हणून टीमने हा विषय सोडू नये असं मला याच प्रकरणामुळे वाटतं. 'अपस्ट्रीमने (पॅकेजच्या मूळ लेखकांनी) पर्यायाचं नाव बदललं तर आमचा बिल्ड मोडेल' हा कडक तपासणीवरचा नेहमीचा आक्षेप. पण आपल्याला ते कळायला हवं तो नेमका तोच क्षण असतो. आवृत्ती बदलताना डोकं त्याच कामात असतं, बदलांची यादी शेजारी उघडी असते, दुरुस्ती एका ओळीची असते. तीच गोष्ट तीन महिन्यांनी ग्राहकाच्या तक्रारीतून समोर आली की शोधायलाच दोन दिवस जातात.

एका गोष्टीबद्दल इथेच सावध करतो. पीएचपी पूर्ण सोर्सवरून बांधला असेल तर 'पीएचपी -आय' च्या आउटपुटमध्ये 'कॉन्फिगर कमांड' अशी ओळ दिसते. तिच्यात तुम्ही दिलेले सगळे पर्याय असतात, न ओळखले गेलेलेही. ऑडिटला आलेले लोक ती ओळ बघून टिकमार्क करतात. ती ओळ फक्त मागणी दाखवते, हातात काय पडलं ते नाही. ते बघायचं असेल तर 'जीडी_इन्फो' हे फंक्शन चालवा. त्यात फ्रीटाइप आणि जेपेगचा आधार आहे की नाही ते स्वतंत्र दिसतं. कर्लमध्ये 'कर्ल --व्हर्जन' खालची 'फीचर्स' ही ओळही अशीच, खरंच काय आहे ते सांगणारी.

आता ज्याला मी जास्त महाग म्हटलं त्याकडे येतो: पर्याय दिलाच नाही, किंवा 'सापडलं तर घे' असा दिला. जेंटू या लिनक्स वितरणाच्या लोकांनी याला 'ऑटोमॅजिक डिपेंडन्सी' असं नाव ठेवलंय. बांधणाऱ्या मशीनवर अमुक लायब्ररी असली तर फीचर चालू, नसली तर बंद, आणि दोन्ही वेळा बिल्ड पास.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका शिक्षणसंस्थेसाठी नावं घालून प्रमाणपत्रं तयार करणारी सेवा आम्ही चालवत होतो. पायथनमधली पिलो लायब्ररी सोर्सवरून बांधलेली होती. पिलोमध्ये देवनागरीसारख्या लिप्यांची जुळणी रक्म या लायब्ररीमार्फत होते. ती आतून हार्फबझला विचारते: वेलांटी कुठे बसवायची, जोडाक्षर कसं करायचं. रक्म नसेल तर पिलो साध्या मांडणीवर उतरतो, म्हणजे अक्षरं ज्या क्रमाने साठवली त्या क्रमाने एकापुढे एक ठेवतो. युनिकोडमध्ये 'शि' लिहिताना आधी श आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवलेली असते. साध्या मांडणीत ती वेलांटी श च्या उजवीकडे जाऊन बसते. 'क्षीरसागर' मधला क्ष फुटून पाय मोडलेला क आणि सुटा ष दिसतो. रोमन अक्षरांना काहीही होत नाही.

बेस इमेज लहान करण्याच्या सफाईत रक्मच्या हेडर फाइल्स असलेलं पॅकेज यादीतून गळलं. पिलोला रक्म सापडलं नाही, त्याने ते फीचर सोडून दिलं आणि बिल्ड पास झाला. आमच्या टेस्टमधलं नाव रोमन लिपीत होतं, त्यामुळे टेस्टही पास. शिंदे, क्षीरसागर, किर्लोस्कर अशी नावं मोडक्या अक्षरांत छापून प्रमाणपत्रं वाटपाला निघाली होती, तेव्हा संस्थेतल्या एका बाईंच्या लक्षात आलं. माणसाचं नाव त्याच्या स्वतःच्या लिपीत चुकीचं छापून त्याच्या हातात देणं ही मला फार लागलेली गोष्ट आहे. तेव्हापासून मी 'सापडलं तर घे' कुठेच ठेवत नाही.

दुरुस्ती एका पर्यायाची होती. पिलोला बांधताना 'रक्म=एनेबल' असं सांगता येतं. तसं सांगितलं की रक्म न सापडल्यास बिल्ड थांबतो. त्याच्या जोडीला बांधून झाल्यावर पिलोच्या 'फीचर्स' मॉड्यूलला रक्म आहे का असं विचारणारी एक ओळ, आणि टेस्टमधलं नाव देवनागरीत. पर्याय, विचारणा, खरी टेस्ट, तिन्ही ठेवा. प्रत्येक वेगळ्या टप्प्यावर पकडते. मराठी, हिंदी, तमिळ मजकुराची चित्रं काढणारी कोणतीही सेवा बांधत असाल तर आजच हे तपासून घ्या. इमेजमॅजिकमध्येही रक्मचा आधार असाच ऐच्छिक आहे.

या बाबतीत मेसन या बिल्ड साधनाने चांगली व्यवस्था केली आहे. 2018 च्या 0.47 आवृत्तीपासून त्यात 'फीचर' नावाचा पर्यायाचा प्रकार आहे. त्याच्या किमती तीन: एनेबल्ड, डिसेबल्ड, ऑटो. एनेबल्ड म्हणजे पाहिजेच, नसेल तर थांब. डिसेबल्ड म्हणजे असलं तरी घेऊ नको. ऑटो म्हणजे सापडलं तर. पॅकेजमधले सगळे 'ऑटो' एका झटक्यात बदलण्यासाठी '--ऑटो-फीचर्स' हा स्विचही आहे. फेडोरा या लिनक्स वितरणाचा मेसन मॅक्रो तो 'एनेबल्ड' वर ठेवतो, त्यामुळे पॅकेजरसमोर दोनच वाटा राहतात: लायब्ररी डिपेंडन्सीत लिहा, किंवा ते फीचर नको असं स्पष्ट लिहा. मला ही पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते. नवा बिल्ड उभा करताना नाव चुकलं तर मेसन एरर देतो, आणि बूलियनला खरं-खोटं सोडून तिसरंच काही दिलं तरी एरर देतो.

सीमेक या दुसऱ्या बिल्ड साधनाची गोष्ट वेगळी आहे, तिथे किमतींकडेच लक्ष द्यावं लागतं. समजा प्रोजेक्टमध्ये 'एनेबल_एक्स' हा चालू-बंद पर्याय आहे आणि तुम्ही मेसनच्या सवयीने त्याला 'डिसेबल्ड' अशी किंमत दिली. सीमेक खोटं कशाला मानतं त्याची यादी ठरलेली आहे: शून्य, ऑफ, नो, फॉल्स, एन, इग्नोर, रिकामी किंमत, नॉटफाउंड किंवा 'डॅश नॉटफाउंड' ने संपणारं काही. 'डिसेबल्ड' त्यात नाही. त्यामुळे साध्या 'इफ' मध्ये तो व्हेरिएबल खरा ठरतो आणि तुम्ही बंद करायला सांगितलेलं फीचर चालू होतं. 'ऑफ' मधला एक 'एफ' गळला तरी तेच. नाव बरोबर असल्यामुळे वॉर्निंग येण्याचा प्रश्नच नाही. एखाद्या पर्यायाच्या अमुकच किमती चालतील अशी यादी प्रोजेक्टने दिलेली असली तरी ती सीमेकच्या खिडकीतल्या ड्रॉपडाउनसाठी असते. कमांडवरून आलेली किंमत सीमेक स्वतःहून त्या यादीशी ताडून बघत नाही. म्हणून सीमेकच्या पॅकेजेससाठी मी आमच्या स्क्रिप्टमध्ये नियमच करून टाकला: चालू-बंद पर्यायाला फक्त 'ऑन' किंवा 'ऑफ', दुसरं काही दिसलं की सीमेक सुरू व्हायच्या आधीच एरर.

नाव चुकलं तर सीमेक 'मॅन्युअली-स्पेसिफाइड व्हेरिएबल्स वेअर नॉट यूज्ड बाय द प्रोजेक्ट' अशी वॉर्निंग देतं. तिला एरर करण्याचा स्विच सीमेकमध्ये नाही, लॉग वाचूनच ते करावं लागतं. ऐच्छिक लायब्ररींसाठी मात्र दोन उपयोगी व्हेरिएबल्स आहेत: 'सीमेक_डिसेबल_फाइंड_पॅकेज_' पुढे पॅकेजचं नाव जोडलं की ते शोधलंच जात नाही, आणि 3.22 आवृत्तीपासून 'सीमेक_रिक्वायर_फाइंड_पॅकेज_' पुढे नाव जोडलं की ते सापडलंच पाहिजे असं होतं. प्रोजेक्टच्या फाइलला हात न लावता 'सापडलं तर' चं 'पाहिजेच' करता येतं.

हे 'पाहिजेच' सुरक्षेसाठीही किती मोलाचं आहे ते 2024 च्या एक्सझेड (फाइली दाबून लहान करणारं साधन) प्रकरणात दिसलं. मार्चअखेर आंद्रेस फ्रॉइंड यांनी 5.6.0 आणि 5.6.1 मधला चोरदरवाजा उघड केला, तो बहुतेकांना माहीत आहे. त्यानंतरच्या तपासात आणखी एक बारीक गोष्ट सापडली. लिनक्सचं लँडलॉक सँडबॉक्स (प्रोग्रामला मोजकीच मोकळीक देणारं संरक्षण) उपलब्ध आहे का हे पाहण्यासाठी सीमेकच्या फाइलमध्ये एक छोटा तपासणी प्रोग्राम होता. त्यात एका ओळीवर एकच टिंब घालून ठेवलेलं होतं. त्या टिंबामुळे तो प्रोग्राम कधीच कंपाइल होत नव्हता, म्हणून लँडलॉक 'उपलब्ध नाही' असं ठरत होतं आणि सँडबॉक्सशिवाय बिल्ड सुरळीत पार पडत होता. कोडमधला बदल दाखवणाऱ्या पानावर ते टिंब डोळ्यांना दिसणंही अवघड. जिथे तपासणी नापास होणं म्हणजे 'ठीक आहे, सोडून देऊ' असा अर्थ होतो, तिथे नापास करवून घेणं हाच हल्ला होऊ शकतो. संरक्षण देणारं फीचर 'ऑटो' वर कधीच ठेवू नका, माझ्या दृष्टीने यात तडजोड नाही.

लिनक्स कर्नल स्वतः बांधत असाल तर तिथेही हेच जरा वेगळ्या रूपात आहे. तुम्ही कॉन्फिगरेशनच्या एखाद्या तुकड्याच्या फाइलमध्ये एखादा पर्याय 'वाय' लिहिता, 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवता, आणि त्या पर्यायाची एखादी अट पूर्ण होत नसेल किंवा त्या नावाचा पर्यायच उरला नसेल तर ती ओळ अंतिम फाइलमधून नाहीशी होते. 2018 साली 4.18 मध्ये स्टॅक प्रोटेक्टरच्या पर्यायांच्या नावांतून सुरुवातीचं 'सीसी' काढलं गेलं; त्यानंतर जुन्या नावाच्या ओळी म्हणजे नुसती मृत अक्षरं होती. नवे पर्याय मुळातच चालू धरलेले होते म्हणून बहुतेकांचं काही बिघडलं नाही, पण दर वेळी असं असेलच असं नाही. कर्नलच्या 'मर्ज_कॉन्फिग' स्क्रिप्टने तुकडे जोडा. मागितलेली किंमत अंतिम फाइलमध्ये नसेल तर ती सांगते. 2023 मध्ये 'केकॉन्फिग_वॉर्न_अननोन_सिम्बल्स' आणि 'केकॉन्फिग_वेरर' हे दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स आले, पहिला अनोळखी नावं दाखवतो, दुसरा वॉर्निंगची एरर करतो. सीआयमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या बिल्ड आणि टेस्टमध्ये, दोन्ही लावा.

आता तुमच्या टीमने काय करावं. 'फेटल' पुन्हा लावू नका. त्याऐवजी सामायिक स्क्रिप्टमध्ये दोन याद्या वेगळ्या ठेवा, स्क्रिप्टने वाटलेले पर्याय एकीकडे, पॅकेजच्या फाइलमधून आलेले दुसरीकडे. कॉन्फिगर संपलं की लॉगमधली 'अनरेकग्नाइज्ड ऑप्शन्स' ची ओळ वाचा, तिच्यातून पहिली यादी वजा करा, आणि काही उरलं तर बिल्ड फेल करा. एम्बेडेड लिनक्स बांधणारं योक्टो हेच करतं, लॉग वाचून आणि सूट दिलेली यादी वजा करून. जेंटूचं पॅकेज बांधणारं साधन पोर्टेज आणखी एक पाऊल आधी टाकतं: डिपेंडन्सी ट्रॅकिंगसारखे सर्वसाधारण पर्याय देण्याआधी ते 'कॉन्फिगर --हेल्प' चालवून त्यात तो पर्याय आहे का बघतं आणि असेल तरच देतं. तुम्हाला जमत असेल तर हेही करा, म्हणजे वजाबाकीची यादी छोटी राहते. जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्ट असलेल्या पॅकेजेसवर आधी कॉन्फिगर नव्याने तयार करणारं 'ऑटोरीकॉन्फ' चालवा, नाहीतर वाचायला वॉर्निंगच नसेल. ते जमत नसेल तिथे हेल्पच्या मजकुराशी पर्याय ताडून बघणं एवढाच उपाय उरतो. तो पूर्ण भरवशाचा नाही, कारण सगळे पर्याय हेल्पमध्ये लिहिलेले असतातच असं नाही.

हाताने लिहिलेल्या कॉन्फिगर स्क्रिप्टची पॅकेजेस या सगळ्यातून बाजूला ठेवा. एफएफएमपेग आणि एनजिनएक्स अनोळखी पर्याय दिसला की स्वतःच थांबतात. त्यांना सामायिक पर्याय द्यायचेच नाहीत.

सूट द्यावी लागेल, ती नाकारू नका. उप-पॅकेजेस असलेल्या झाडात खरंच असे पर्याय असतात जे वरच्या स्क्रिप्टला कळत नाहीत आणि आतल्याला कळतात. पण सूट सगळ्यांसाठी एकत्र देऊ नका. ती त्या पॅकेजच्या फाइलमध्ये, त्या एका पर्यायापुरती, शेजारी कारण लिहून द्या. जेंटूत 'क्यूए_कॉन्फिगर_ऑप्शन्स' आणि योक्टोत 'अननोन_कॉन्फिगर_ऑप्ट_इग्नोर' याच कामाचे आहेत. माझी त्यात एक भर असते. सूट दिलेल्या पर्यायाबद्दल आता वॉर्निंग येतच नसेल तर तेही एरर धरायचं, म्हणजे निरुपयोगी झालेली सूट काढली जाते. नाहीतर दोन वर्षांत ती यादी इतकी वाढते की तपासणीला काही अर्थ राहत नाही.

एकदम सगळीकडे लावायची घाई नको. पहिले दोन आठवडे फक्त नोंद करा आणि पॅकेजनिहाय यादी काढा. मग नेटवर्कला तोंड असलेली, एन्क्रिप्शन करणारी आणि बाहेरून आलेल्या फाइली वाचणारी पॅकेजेस कडक करा. उरलेली पुढच्या आवृत्तीवर नेताना एकेक करून. आवृत्ती बदलतानाच कडक करायचं, म्हणजे वेगळं काम वाटत नाही.

तुमच्या मॅनेजरांची शंका असेल की रात्री दोन वाजता सुरक्षेचा पॅच द्यायचा असताना हा नियम आड आला तर काय. शंका योग्य आहे. स्थिर शाखेवरच्या पॅचमध्ये पर्यायांची नावं सहसा बदलत नाहीत, पण वेळ आलीच तर तपासणी त्या एका बिल्डपुरती सोडणारा एक व्हेरिएबल ठेवा. तो वापरला की आपोआप तिकीट उघडलं जाईल, आणि सात दिवसांत ते बंद झालं नाही तर पुढचा साधा बिल्ड फेल होईल, अशी व्यवस्था करा.

आणखी एक प्रकार असा आहे जो कोणतीही नावाची तपासणी पकडू शकत नाही. ऑटोकॉन्फच्या फाइलमध्ये 'एसी_आर्ग_एनेबल' लिहिताना अपस्ट्रीमचे लोक कधीकधी पर्याय दिला की फीचर चालू असं लिहून टाकतात. दिलेली किंमत हो आहे की नाही हे बघतच नाहीत. अशा पॅकेजला '--डिसेबल-एक्स' दिलं की एक्स चालू होतं, आणि पर्यायच न देणाऱ्याकडे ते बंद असतं. नाव बरोबर, किंमत बरोबर, लॉग स्वच्छ, परिणाम उलटा. यावर उपाय एकच, बांधून झालेली वस्तू तपासणं. महत्त्वाच्या प्रत्येक पर्यायासमोर एक निकष लिहा: एलडॅप नको म्हटलंय तर 'रीडएल्फ -डी' च्या 'नीडेड' ओळींत (बायनरीला लागणाऱ्या लायब्ररींची यादी) एलडॅपची लायब्ररी दिसता कामा नये, जेपेग हवंय म्हटलंय तर 'जीडी_इन्फो' मध्ये ते दिसलं पाहिजे. सगळ्या पर्यायांसाठी हे शक्य नाही. प्रत्येक पॅकेजमागे दोन-तीन पुरतात.

तुमच्या टीममध्ये रस्ट भाषा वापरत असतील तर त्यांना सांगा की 1.80 पासून, म्हणजे जुलै 2024 पासून, कोडमधल्या 'सीएफजी' अटींतली अनोळखी नावं आणि किमती कंपायलर स्वतःहून वॉर्निंग देऊन दाखवतो. फीचरचं नाव एका अक्षराने चुकल्यामुळे कोडचा अख्खा तुकडा गुपचूप गळण्याचा प्रकार तिथे आता लपत नाही. ती वॉर्निंग सीआयमध्ये एरर करून टाका.

सुरुवात उद्या सकाळी करायची तर साठवलेल्या लॉगमध्ये 'अनरेकग्नाइज्ड ऑप्शन्स' आणि सीमेकची ती 'नॉट यूज्ड' ची ओळ शोधा. डेबियनच्या पद्धतीने बांधलेल्या पॅकेजेसमध्ये पहिला शोध रिकामा येईल, त्यावर विसंबू नका. त्यांच्या रूल्स फाइलमध्ये 'डीएच_ऑटो_कॉन्फिगर' ला शेवटी '--एनेबल-ऑप्शन-चेकिंग' द्या, बरोबरीचं चिन्ह किंवा 'फेटल' न लावता. शेवटी दिलेला पर्याय आधीच्या 'डिसेबल' वर मात करतो, वॉर्निंग परत दिसू लागते, आणि मग वजाबाकीची स्क्रिप्ट तिथेही तशीच चालते.